काडतुसांची वही

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला फक्त चालायला शिकवलं.
लष्करहून पहाटे सायकलच्या दांड्यावर, तिघऱ्याच्या धरणापर्यंत,
पुढे वाट संपते तिथून पायी.
खैराची काटकी मोडू द्यायची नाही.
वारा कुठून येतो ते ओल्या बोटाला विचारायचं.
खिशातली गजक खायची, पण कागद वाजवायचा नाही.
आठ वर्षांची होते. कागद वाजायचाच.

दुसऱ्या हिवाळ्यात रिकामी बंदूक.
रिकामी आहे हे माहीत असलं तरी नळी
माणसाकडे, बैलाकडे, देवळाकडे वळवायची नाही.
"माणसं मरतात ती रिकाम्या बंदुकीनं,"
नाना म्हणायचे, आणि पुन्हा एकदा उघडून बघायचे.

नाना लेखा कार्यालयात कारकून.
दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचे रकाने जुळवायचे.
शिकारीचीही वही ठेवलेली:
तारीख. जागा. काडतुसं किती. पक्षी किती.
आणि शेवटचा रकाना तांबड्या शाईचा –
लागला, सापडला नाही.

बसलेल्यावर नाही. पाण्यातल्यावर नाही.
झुडपापलीकडे काय आहे ते दिसत नसेल तर नाही.
मागे पिलं असतील तर नाही.
हात गार पडले असतील, राग आला असेल,
कुणी बघतंय म्हणून – तर मुळीच नाही.
मी विचारलं, मग हो कधी?
ते बरीच पावलं चालले. उत्तर काही दिलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात, पौषात, पायाखालून तितर उडाला.
फर्र.
माझा खांदा मागे गेला.
तो पडला, पण दगडासारखा नाही,
एक पंख उघडा टाकून, तिरका, घळीत.
मी नाचले असेन. नानांनी माझ्याकडे बघितलंही नाही.
पडला त्या जागी नजर रोवून ते सरळ निघाले
काट्यांतून, धोतर फाटत होतं तरी.

ऊन चढलं. आम्ही शोधत होतो.
वाकून, मग गुडघ्यांवर, मग एकेक जाळी.
नाना मधूनमधून खिशातलं घड्याळ काढून बघत.
मला वाटलं, कचेरीला उशीर होतोय.
शेवटी बकऱ्यांमागचा हलके गुर्जर आला,
काठीने बोरीची जाळी उचलून धरली:
"जे रहो, बिन्नू."

जिवंत होता.
नानांनी तो माझ्या ओंजळीत दिला.
एवढीशी ऊब, आणि आतून कुणी दार ठोठावत असावं तसं.
"आता पुढचंही तुझंच," म्हणाले.
मान कुठे धरायची, किती झटक्यात, दाखवलं.
मला जमेना.
मग त्यांनी माझे हात आपल्या हातांत घेतले
आणि चार हातांनी ते झालं.
त्यातल्या कुठल्या दोन हातांनी, हे मी अजून ठरवलेलं नाही.

रात्री पानात रस्सा.
मी हाडं चोखली, शीतसुद्धा टाकलं नाही.
आईने पुन्हा वाढायला पळी उचलली,
तर नाना हळूच म्हणाले, "आधी तिला विचार."

पुढे शिकारबंदी आली.
बंदूक ठाण्यात गेली, पावती वहीत चिकटवली गेली,
आणि नाना गेल्यावर वही माझ्याकडे.
वाटलं होतं, बसून पक्षी मोजेन.
पानापानावर ते बारीक, खाली झुकलेलं अक्षर:
नेली. चालवली नाही.
धुकं. चालवली नाही.
तितर चार, अगदी जवळ. वेणूला दाखवले. चालवली नाही.

पौषातलं ते पान मी मुद्दाम शेवटी उघडलं.
काडतूस एक. पक्षी एक.
तांबडा रकाना रिकामा असायला हवा होता,
सापडला होता ना.
तिथे तांबड्या शाईत लिहिलंय:
दोन तास वीस मिनिटं.

आणि तारखेपुढे वार. रविवार.